कोंबडा गेल्यानंतरची अंडी आणि चोवीस अंड्यांचे उबवणी यंत्र

परसात चार कोंबड्या आणि एक कोंबडा एवढाच आमचा संसार होता. सातारा शहराच्या कडेला, जिथे बंगल्यांच्या भिंती एकमेकींना खेटून उभ्या राहू लागल्या आहेत, तिथे पहाटे साडेचारला आरवणारा कोंबडा फार काळ टिकत नाही. शेजारी तान्हे बाळ आले आणि त्या घराने अतिशय सभ्यपणे, दोनदा, विनंती केली. २६ जानेवारीला सुट्टीसाठी आलेले माझे मोठे दीर परत जाताना त्याला डालग्यात घालून पाटण तालुक्यातल्या गावी घेऊन गेले. कोंबडा देखणा होता, अंगावर धावून येणारा नव्हता आणि कोंबड्यांना खाणे दिसले की स्वतः न खाता त्यांना बोलावणारा होता. त्याची काही पिल्ले आपल्याकडे राहावीत, ही इच्छा तो गेल्यावर दुसऱ्या दिवशी झाली, आणि त्या इच्छेपोटी मी ऑनलाइन एक छोटे उबवणी यंत्र मागवले. हा अभिप्राय त्या यंत्राविषयी आहे. मात्र ज्या अंड्यांवर ते पारखले ती कोणती होती, हे आधी सांगितल्याशिवाय या अभिप्रायाला अर्थ राहणार नाही.

कोंबडा नसताना फलित अंडी कशी, असे मला अनेकांनी विचारले. कोंबडीच्या अंडवाहिनीत, गर्भाशय आणि योनी यांच्या सांध्याशी, अतिशय बारीक नलिका असतात आणि तिथे शुक्राणू साठून राहतात. कोंबडा दूर गेल्यावरही त्यातले थोडे थोडे वर सरकत राहतात आणि रोज नव्याने सुटणाऱ्या बलकाला फळवतात. पहिला आठवडा-दहा दिवस फलनाचे प्रमाण चांगले असते, त्यानंतर ते उतरत जाते आणि साधारण तीन आठवड्यांनी जवळपास संपते. (ज्यांना कोंबडा बदलून नव्याचाच वंश हवा असतो, ते याच कारणाने जुना गेल्यावर तीन आठवडे थांबतात.) अंडे फलित आहे का, हे स्वयंपाकघरातही कळते. फोडलेल्या अंड्याच्या बलकावर एक पांढरा ठिपका असतो. तो नुसता घट्ट, वेड्यावाकड्या कडेचा असेल तर अंडे रिकामे, आणि त्याभोवती फिकट गोल कडे दिसत असेल, म्हणजे ठिपक्यात ठिपका असेल, तर ते फळलेले. ३ फेब्रुवारीला सकाळच्या पोळ्यासाठी फोडलेल्या दोन्ही अंड्यांत ते कडे स्पष्ट होते, तेव्हा मी निर्धास्त झाले आणि त्या दिवसापासून घरात अंडे खाणे बंद झाले.

यंत्र चार दिवसांत पोहोचेल असे पानावर लिहिले होते; ते ५ फेब्रुवारीला, म्हणजे नवव्या दिवशी आले. ही दिरंगाई मी किरकोळ मानत नाही. उबवायची अंडी सात दिवसांपर्यंत ठेवली तर फारसे बिघडत नाही, पण त्यापुढे प्रत्येक दिवशी उगवण घटते. ती १३ ते १८ अंश सेल्सिअसला ठेवावीत असा दंडक आहे, फ्रिजमध्ये ठेवून चालत नाही आणि उघड्यावर उन्हाळी खोलीतही चालत नाही. साताऱ्याच्या फेब्रुवारीत रात्री गारवा असतो, दुपारी नसतो. सासूबाईंनी मातीच्या परातीत ओली वाळू पसरून तिच्यावर टोपली ठेवली आणि टोपलीत अंडी टोकाकडची बाजू खाली करून उभी लावली. प्रत्येक अंड्यावर मी पेन्सिलीने तारीख घातली. २७ जानेवारी ते ६ फेब्रुवारी या अकरा दिवसांत चोवीस अंडी जमली, यंत्राची क्षमताही तेवढीच.

आता यंत्र. ५,८०० रुपयांना आलेल्या या खोक्याचा तळ थर्माकोलचा आहे, वर पारदर्शक प्लास्टिकचे झाकण, झाकणाच्या मधोमध पंखा व हीटर, आणि बाहेर तापमान व आर्द्रता दाखवणारे लाल आकडे. आत अंडी फिरवण्यासाठी सरकत्या दांड्यांचा साचा आहे. तो दर दोन तासांनी हलतो. विजेचा भार कमाल ८० वॅट, त्यामुळे एकवीस दिवस ते सलग पूर्ण ताकदीने चालले तरी ४०-४१ युनिटांपलीकडे जात नाही, आणि प्रत्यक्षात हीटर अधूनमधूनच पेटत असल्याने खर्च त्याहून बराच कमी येतो. दिसायला नेटके आहे. पंख्याचा आवाज बैठकीत चालेल, शेजघरात चालणार नाही. माहितीपत्रक एका पानाचे, मोडक्या इंग्रजीतले. मराठी सोडा, हिंदीही नाही.

कोणतेही यंत्र अंडी घालण्यापूर्वी दोन दिवस रिकामे चालवावे, हा सल्ला मी पाळला आणि त्याने माझी अर्धी अंडी वाचली असे म्हणायला हरकत नाही. पंखा असलेल्या यंत्रात ३७.५ ते ३७.८ अंश तापमान लागते आणि यंत्र कारखान्यातूनच ३७.८ वर लावून आले होते. ताप मोजण्याचा आपला घरगुती डिजिटल थर्मामीटर नेमका याच पट्ट्यात अचूक असतो. तो अंड्याच्या उंचीवर धरून पाहिला तर मध्यभागी ३७.१ भरले आणि कोपऱ्यांत ३६.७. आकडा सात दशांशाने चढा! हा फरक ऐकायला क्षुल्लक वाटतो, पण एकवीस दिवस एवढ्या कमी उबेत अंडी राहिली असती तर पिल्ले उशिरा आणि अशक्त निघाली असती. बटणे दाबत बसल्यावर आतल्या यादीत आकडा खाली-वर करण्याची सोय सापडली. माहितीपत्रकात तिचा उल्लेखही नाही. दुरुस्ती झाल्यावर मध्यभागाचे तापमान, वीज असेपर्यंत, एकवीस दिवस एक-दोन दशांशांच्या आतच हलले, आणि हे श्रेय यंत्राला द्यायलाच हवे. कोपऱ्यांतली तूट मात्र शेवटपर्यंत गेली नाही, म्हणून मी रोज सकाळी कोपऱ्यातली चार अंडी मध्ये आणि मधली चार कोपऱ्यात करत असे.

७ फेब्रुवारीच्या संध्याकाळी अंडी लावली. ‘पूर्ण स्वयंचलित’ या जाहिरातीतल्या शब्दांचा फोलपणा दुसऱ्याच दिवशी कळला. दांड्यांमधले अंतर फार्मच्या साठ ग्रॅमच्या अंड्यांसाठी बेतलेले आहे. आमची गावरान अंडी ४२ ते ४८ ग्रॅमची, ती दांड्यांमध्ये फिरण्याऐवजी नुसती घसरतात. मी प्रत्येक अंड्याच्या एका बाजूला फुली आणि दुसऱ्या बाजूला गोल काढला होता. सकाळी पाहिले तर सहा अंड्यांची फुली रात्रभर वरच होती. अंडे फिरले नाही तर आतला गर्भ कवचाच्या अस्तराला चिकटतो, तेव्हा ही बाब दुर्लक्ष करण्याजोगी नव्हती. पुढचे अठरा दिवस मी सकाळी सात, दुपारी दोन आणि रात्री नऊ वाजता ती सहाही अंडी हाताने फिरवली. फेऱ्यांची संख्या विषम ठेवायची, म्हणजे लांबलचक रात्री अंड्याची एकच बाजू पुन्हापुन्हा वर येत नाही. स्वयंचलित यंत्र घेऊनही घराबाहेर पडण्याची वेळ घड्याळाशी बांधली गेली, ही तक्रार मी विक्रेत्याला कळवली. तिसऱ्या दिवशी उत्तर आले, ‘मॅम, टेम्परेचर नॉर्मल है.’

सातव्या दिवशी, १४ फेब्रुवारीला, दिवे मालवून मोबाइलच्या विजेरीवर अंडी धरून पाहिली. भरलेल्या अंड्यात मधोमध काळा ठिपका आणि त्याच्यापासून चहूकडे फुटलेल्या लाल शिरा दिसतात, कोळ्याने जाळे विणावे तशा; ठिपका हलतो, आणि पहिल्यांदा हलताना दिसला की हात थोडा कापतो. चार अंडी मात्र नुसती पिवळट, रिकामी निघाली. त्यांपैकी दोन ५ आणि ६ फेब्रुवारीची, म्हणजे कोंबडा गेल्यानंतर दहाव्या-अकराव्या दिवसाची होती, आणि उरलेली दोन उघड्या मानेच्या कोंबडीची. तिची अंडी इतरांहून पांढरी असल्याने ओळखू येतात, आणि कोंबडा असताना ती त्याच्या वाऱ्यालाही उभी राहत नसे. एका अंड्यात रक्ताचे कडे बनले होते, म्हणजे गर्भ धरून मेला होता. ते सर्वांत जुने, २७ जानेवारीचे. पाचही अंडी डाळिंबाच्या बुडाशी पुरली. एकोणीस राहिली.

बाराव्या दिवशी दुपारी वीज गेली आणि दोन तास चाळीस मिनिटे आली नाही. यंत्राच्या मागे बारा व्होल्टच्या बॅटरीची जोडणी आहे आणि विक्रीच्या पानावर तिचे छायाचित्रही ठळक आहे, परंतु तिच्यासाठी लागणारी वायर खोक्यात नव्हती. मागणी करूनही ती आली नव्हती. मी झाकणाची हवेची भोके सोडून यंत्रावर दुहेरी गोधडी टाकली आणि झाकण उघडले नाही. दोन तासांनी आतले तापमान ३३ अंशांपर्यंत उतरले होते. एवढ्याने अंडी मरत नाहीत. कोंबडीसुद्धा दिवसातून एकदा पंधरा-वीस मिनिटे उठतेच. तरीही ज्यांच्या गावी भारनियमन नित्याचे आहे त्यांनी इन्व्हर्टर नसताना हे यंत्र घेऊ नये, असेच मी म्हणेन.

२१ फेब्रुवारीच्या तपासणीत आणखी दोन अंडी थांबलेली आढळली. अठराव्या दिवशी फिरवणे बंद केले, दांड्यांचा साचा काढून जाळी टाकली, पाण्याची दुसरी पन्हळ भरली आणि झाकण लावले. २७ फेब्रुवारीच्या रात्री पंख्याच्या आवाजाखालून बारीक चिवचिव ऐकू आली. कवच अजून सबंध होते. पिल्लाने चोच आतल्या हवेच्या पोकळीत घातली होती आणि ते पहिला श्वास घेत होते. पहाटे एका अंड्यावर तांदळाच्या दाण्याएवढा फुगवटा आला, त्याला तडे गेले, आणि मग दहा-बारा तास काहीच झाले नाही. या वेळी झाकण उघडून मदत करण्याचा मोह आवरला पाहिजे, कारण ओलसर हवा बाहेर गेली की अस्तर कातड्यासारखे आवळते आणि पिल्लू जागीच अडकते. दुपारनंतर त्या पिल्लाने अंड्याच्या जाड बाजूने गोलाकार कापत नेले आणि टोपी उडवावी तसे कवच लोटून दिले. २८ तारखेच्या मध्यरात्रीपर्यंत तेरा पिल्ले निघाली. चार अंडी तशीच राहिली.

ती चार अंडी मी १ मार्चला संध्याकाळी उघडली. चारही पिल्ले पूर्ण वाढलेली, पिसांसकट, पण अंगाभोवती चिकट पाणी, हवेची पोकळी जेमतेम रुपयाच्या नाण्याएवढी, आणि बलकाची पिशवी पोटात पुरती न ओढलेली. ती बुडाली होती. पहिल्या दिवशी मी पाच अंडी स्वयंपाकघरातल्या काट्यावर तोलली होती. अठराव्या दिवशी पुन्हा तोलली तेव्हा ४६ ग्रॅमचे अंडे ४२ ग्रॅम भरले आणि मी तो आकडा वहीत लिहून पुढे गेले होते. अंड्यातले पाणी कवचाच्या छिद्रांतून उडत राहिले पाहिजे, आणि अठरा दिवसांत वजन ११ ते १३ टक्के घटले तरच पोकळी पिल्लाला पुरेशी होते. माझे अंडे नऊ टक्केही घटले नव्हते. उत्तर वहीत होते, मी ते वाचले नाही.

मग मी तो प्रयोग केला जो अंडी लावण्यापूर्वी करायला हवा होता. तीनशे वीस रुपयांचे वेगळे आर्द्रतामापक आणले, बाटलीच्या झाकणात मीठ घेऊन त्यात ओल्या वाळूइतपत पाणी घातले आणि दोन्ही वस्तू एका घट्ट डब्यात रात्रभर बंद केल्या. ओल्या मिठावरच्या बंदिस्त हवेची आर्द्रता ७५ टक्क्यांवर स्थिर होते. मापकाने ७४ दाखवले, म्हणजे ते विश्वासाचे. तेच यंत्रात ठेवले तेव्हा यंत्राचा आकडा ५५ आणि मापकाचा ६४. पहिले अठरा दिवस ४५ ते ५५ टक्के पुरते, शेवटचे तीन दिवस ६५ ते ७० लागते. मी यंत्रावर विसंबून पन्हळीत पाणी भरत राहिले आणि प्रत्यक्षात सुरुवातीपासूनच हवा अखेरच्या दिवसांसारखी दमट ठेवली. तापमानावर अविश्वास दाखवला आणि त्याच पट्टीवरच्या दुसऱ्या आकड्यावर डोळे मिटून विश्वास ठेवला, याचा दोष अर्थात माझा. पण पाच हजार आठशे रुपयांच्या यंत्राने तीनशे वीस रुपयांच्या मापकाइतके तरी खरे बोलावे, ही अपेक्षा अवाजवी नाही.

तुलनेला आमच्याकडे दुसरी परीक्षार्थी होती. फेब्रुवारीच्या मध्यावर तपकिरी कोंबडी खुडूक बसली, म्हणजे उबवणीला आली. पिसे फुलवून, कोणी जवळ गेले की घशातून गुरगुरत, ती रिकाम्या कोपऱ्यालाही सोडीना. १० ते १७ फेब्रुवारीची नऊ अंडी हाताशी होती, म्हणजे कोंबडा जाऊन पंधरा ते बावीस दिवस झालेली. मी सासूबाईंना म्हटले, ‘आई, ही फुकट जातील, रिकामीच असतील.’ त्या म्हणाल्या, ‘असूदेत. तिला बसायचंच आहे, तर रिकाम्या जागेवर कशाला?’ १८ तारखेच्या रात्री त्यांनी टोपलीत गवत, त्यावर अंडी आणि कडेला एक लोखंडी खिळा ठेवला. वीज कडाडली तर अंडी बिघडू नयेत म्हणून. (त्या फेब्रुवारीत वीज कडाडली नाही, त्यामुळे खिळ्याविषयी मला मत नाही.) आठवड्याने पाहिले तर पाच रिकामी आणि चार भरलेली. सर्वांत उशिराचे भरलेले अंडे १३ फेब्रुवारीचे, कोंबडा गेल्यानंतरच्या अठराव्या दिवसाचे. ११ मार्चला चारपैकी चारही पिल्ले निघाली. यंत्राने वीस फलित अंड्यांपैकी तेरा दिली. कोंबडीजवळ ना थर्मामीटर, ना पन्हळ, ना विजेची जोडणी.

तरीही ‘यंत्र कशाला, कोंबडी बसवा’ असा निवाडा देणे अन्यायाचे होईल. खुडूक येणे कोंबडीच्या मनावर असते आणि कोंबड्याने मागे ठेवलेली मुदत थांबत नाही. २७ जानेवारीला आमच्याकडे एकही कोंबडी बसायला तयार नव्हती. यंत्र नसते तर चांगल्या दहा दिवसांची अंडी पोळ्यात गेली असती. शिवाय बसलेली कोंबडी अंडी आणि पिल्ले धरून दोन-अडीच महिने अंडे देत नाही.

यंत्र दुसऱ्यांदा वापरले तेव्हा माझे मत बरेच सुधारले. एप्रिलमध्ये दिरांकडून, त्याच कोंबड्याखालची, तीन-चार दिवसांची चोवीस अंडी भुशाच्या डब्यातून आणली, प्रवासाने हललेली असल्याने दिवसभर टोक खाली करून स्थिर ठेवली आणि मग लावली. या वेळी यंत्रावरची आर्द्रता ३८ ते ४० अशी वाचली जाईल इतकेच पाणी ठेवले, दांड्यांमध्ये पुठ्ठ्याच्या पट्ट्या खोचून अंतर कमी केले, आणि यंत्र घरातल्या सर्वांत गार, मधल्या खोलीत हलवले. कारण यात हीटर आहे, थंड करण्याची सोय नाही, आणि खोलीच तापली तर यंत्र हतबल होते. अठराव्या दिवशी अंडी बारा टक्क्यांनी घटली होती. तीन रिकामी निघाली, उरलेल्या एकवीसपैकी अठरा पिल्ले आली.

घेणाऱ्यांनी आणखी दोन खर्च धरावेत. पिल्ले सुकली की त्यांना पहिला आठवडा सुमारे ३५ अंशांची ऊब लागते आणि पुढे दर आठवड्याला ती तीनेक अंशांनी कमी करायची असते. त्यासाठी खोके, साठ वॅटचा जुन्या धर्तीचा दिवा आणि लासोटा लस पाहिजे. ही लस मानमोडी (राणीखेत) या कोंबड्यांच्या रोगावरची आहे आणि तिची कुपी शंभर किंवा त्याहून अधिक पिल्लांची असते, म्हणून गल्लीतल्या इतर कोंबडीवाल्यांशी तारीख जुळवून घेतलेली बरी. दुसरी गोष्ट खर्चाची नाही, जागेची आहे. निघालेल्या पिल्लांत निम्मे कोंबडे असतात. पहिल्या सतरांत आमच्याकडे नऊ निघाले. ज्या कारणासाठी एक घालवला त्याच कारणासाठी हे नऊही मे महिन्यात पाटणला गेले, आणि आठ तलंगा, म्हणजे तरुण कोंबड्या, इथे राहिल्या.

यंत्राला पाचपैकी तीन तारे देते. तापमान एकदा दुरुस्त केल्यावर स्थिर राहते, म्हणून तीन. आर्द्रतेचा आकडा, दांड्यांचे अंतर आणि पूर्ण खोटे ठरलेले ‘स्वयंचलित’, म्हणून दोन कमी. थर्माकोलचा तळ दोन खेपांनंतर वास धरू लागला आहे, सौम्य ब्लीचच्या पाण्याने पुसून उन्हात वाळवल्यावरही पुरता जात नाही. बॅटरीची वायर २ मार्चला, शेवटचे पिल्लू निघाल्यानंतर दोन दिवसांनी, कुरिअरने आली. एप्रिलच्या खेपेत वीज दोनदा गेली तेव्हा ती जोडून पाहिली. दिरांच्या ट्रॅक्टरच्या जुन्या बॅटरीवर यंत्र सव्वा तास बिनतक्रार चालले.